४ × २ × २ फुटी टाकीसाठी लाकडी स्टँड : सुताराला नेमकं काय सांगू?

काळाकातळ

नमस्कार. ४ फूट लांब, २ फूट रुंद, २ फूट उंच अशी १२ मिमी काचेची टाकी तयार आहे. तळाला प्लॅस्टिकची चौकट नाही, तळाची काच सरळ स्टँडवरच टेकणार. मासे मलावी सरोवरातले सिक्लिड, त्यामुळे ५० किलोच्या आसपास काळा दगड आणि तळाला दोन इंच वाळू. खाली ३६ इंच लांबीचा संप (पाणी गाळून वर पाठवणारी खालची टाकी) ठेवायचा आहे. जागा रत्नागिरीत, आरसीसी इमारतीचा दुसरा मजला, हॉलची भिंत. समोरून बघितलं तर डावीकडे चार-साडेचार फूट मोकळी जागा आहे, उजवीकडे कपाट.

सुताराने असं सुचवलंय : चार कोपऱ्यांना ३ × २ इंचांचे पाय, वर ३ × २ चीच चौकट, पण लाकूड आडवं पाडून, म्हणजे प्लायला टेकायला रुंद जागा मिळते. कोपऱ्यात लोखंडी एल पट्ट्या. वर १८ मिमी कमर्शियल प्लाय. मधे पाय नाही, कारण संप समोरून आत जायला हवा. उंची ३० इंच.

हे पुरेल का? नसेल तर कुठे आणि किती बदलायचं? लाकूड कुठलं घ्यावं? सागाशिवाय दुसरं चालेल का? आणि मजल्याला भार झेपेल का, हेही कुणी सांगितलं तर बरं होईल.

ओळंबा

आधी वजन मांडू, म्हणजे पुढचं सगळं त्यावरून ठरेल. दगड-वाळूने व्यापलेली जागा वजा करून पाणी साधारण ३४० लिटर. काच ९५ किलो, वाळू ६०, दगड ५०, झाकण-दिवे १०. म्हणजे स्टँडच्या माथ्यावर ५५५ किलो. संप भरल्यावर तळफळीवर आणखी १०५. हे वजन रात्रंदिवस, वर्षानुवर्षं तिथेच राहणार आहे. माणूस खुर्चीवर बसतो आणि उठतो, टाकी उठत नाही. म्हणून कपाटाचा अंदाज इथे लावू नये.

सुताराच्या आराखड्यात दोन गोष्टी बदलाच.

पहिली, चौकटीचं लाकूड आडवं पाडणं. लांब बाजूच्या प्रत्येक पट्टीवर अंदाजे २८० किलो येतात आणि मधला गाळा, म्हणजे दोन पायांमधलं मोकळं अंतर, जवळजवळ पावणेचार फुटांचा. सागाचं ३ × २ आडवं टाकलं तर मधोमध सुमारे ६ मिमी बाक येतो. तेच लाकूड उभ्या कडेवर ठेवलं तर पावणेतीन मिमी. ४ × २ उभं ठेवलं तर १.१ मिमी. हा झाला पाणी भरल्या दिवशीचा हिशोब. सतत ओझ्याखाली असलेलं लाकूड पुढच्या वर्ष-दोन वर्षांत जवळपास तेवढंच आणखी झुकतं. काच झुकत नाही. तिच्याखालचा आधार मधे सुटतो आणि सगळा ताण चार कोपऱ्यांवर आणि तळाच्या सिलिकॉनवर जातो.

यातून लक्षात ठेवायचं एवढंच : पट्टीची उंची दुप्पट केली तर ती आठपट ताठ होते, आणि गाळा निम्मा केला तर बाक सोळापट कमी होतो. म्हणजे मधला पाय हा सगळ्यात स्वस्त उपाय आहे. ४ × २ आणि मधे पाय, समोर आणि मागे दोन्हीकडे, असं केलं की बाक मोजता येणार नाही इतका कमी होतो.

दुसरी गोष्ट एल पट्ट्यांची. सुताराच्या जोडणीत वरची चौकट पायांच्या मधे बसवून पट्टी आणि स्क्रूने अडकवलेली असेल, तर अर्धा टन ओझं स्क्रूंवर लटकतंय. ओझं लाकडावरून लाकडावर उतरलं पाहिजे. वरची चौकट खांबांच्या डोक्यावर, खांब खालच्या चौकटीवर, खालची चौकट जमिनीवर. मनात सगळे स्क्रू काढून टाका. तरीही टाकी तशीच उभी राहील असं वाटलं तर जोडणी बरोबर. स्क्रू आणि फेविकॉल फक्त तुकडे जागेवर धरायला.

खांबाच्या जाडीची मात्र काळजी नको. सागाचा ४ × २ चा आखूड खांब उभ्या दिशेने टनापेक्षा जास्त सहज घेतो आणि इथे सहा आहेत. वजनाने खांब चिरडून स्टँड पडत नाही, तो बाजूला कलून पडतो. काटकोन चौकोनाचा समांतरभुज होतो. त्यावर इलाज खांब जाड करणं नव्हे, पाठीला आणि बाजूंना प्लाय चिकटवणं.

सुताराला ही यादी द्या. मापं इंचात आणि रंधा मारल्यानंतरची. साधारण ४ × २ म्हणून आणलेलं लाकूड रंध्यानंतर पावणेचार × पावणेदोन उरतं, म्हणून वखारीत साडेचार × सव्वादोन सांगा.

वरची चौकट, ४ × २ उभ्या कडेवर : ४८ इंची २, त्यांच्या मधे २० इंची ५ (दोन टोकांना, तीन मधे, दर १२ इंचांवर).
खालची चौकट, ३ × २ उभ्या कडेवर : ४८ इंची २, २० इंची ५.
खांब, ४ × २ : सव्वाबावीस इंची ६. चार कोपऱ्यांत, एक समोर मधे, एक मागे मधे. खांबाची ४ इंची बाजू टाकीच्या लांबीच्या दिशेने.
जोडखांब, २ × २ : सव्वाएकोणतीस इंची ६. प्रत्येक खांबाच्या आतल्या अंगाला, खालच्या चौकटीच्या तळापासून वरच्या चौकटीच्या माथ्यापर्यंत सलग. मधल्या जोडीला हे वर-खाली मधल्या आडपट्टीला खेटून बसवा.

जोडखांब वजन उचलत नाही. खांब आणि दोन्ही चौकटी एका ओळीत धरून ठेवणं हे त्याचं काम. त्यातून १० नंबरचे ३ इंची स्क्रू वरच्या चौकटीत दोन, खांबात तीन, खालच्या चौकटीत दोन.

प्लाय : १८ मिमीचा एक ८ × ४ आणि १२ मिमीचा एक ८ × ४. १८ मिमीतून माथा ४८ × २४, तळफळी आणि दोन दरवाजे निघतात. १२ मिमीतून पाठ ४८ × सव्वाएकोणतीस आणि दोन बाजू २४ × सव्वाएकोणतीस, एकाच ९६ इंची पट्ट्यात. करवतीच्या दोन कापांत मिळून दोन सूत (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) जातात, तेव्हा दोन्ही बाजू एकेक सूत कमी धरा. ती फट समोरच्या पट्टीखाली झाकली जाते.

लाकूड रंध्याचा घास आणि कापाकापी धरून पावणेचार घनफूट मागवा.

एक राहिलं. टाकी ४ × २ म्हणून सांगितली तरी प्रत्यक्षात सव्वाअठ्ठेचाळीस असू शकते. टेप लावून तळ मोजा, मग चौकट कापा. उभ्या काचा खांबांच्या आणि लांब पट्ट्यांच्या बरोबर वर आल्या पाहिजेत. टाकी स्टँडपेक्षा एक सूतही बाहेर लोंबू नये.

गाळा_आणि_तुळई

मजल्याबद्दल. घरांच्या खोल्यांसाठी आयएस ८७५ ह्या भारतीय मानकाच्या भाग २ मध्ये चौरस मीटरला २ किलोन्यूटन, म्हणजे ढोबळ २०० किलो, भार धरतात. तुमची टाकी, संप आणि १०० किलोचा स्टँड मिळून ७६० किलो होतात आणि ते पाऊण चौरस मीटरवर उभे आहेत. म्हणजे चौरस मीटरला हजार किलो. आकडा बघून घाबरायला होतं, पण तो २०० किलोचा भार सबंध खोलीवर पसरलेला धरतात. १० × १२ फुटांच्या खोलीचा एकूण हिशोब २२०० किलोंच्या घरात जातो. म्हणून प्रश्न किती किलो हा नाही, कुठे हा आहे.

भिंतीलगत, आणि त्या भिंतीखाली तुळई असेल तर उत्तम. खालच्या मजल्यावर जाऊन छताकडे बघा, तुळई खाली उतरलेली दिसते. टाकीची लांबी तुळईला समांतर आणि तिला चिकटून ठेवा. खोलीच्या मधोमध नको. बाहेर आलेल्या गॅलरीत अजिबात नको. बाथरूमचा खोल स्लॅब भरून वर फरशी केली असेल तिथेही नको. इमारत जुनी असेल, छताला गंजाचे डाग किंवा प्लास्टरचे पोपडे असतील, तर स्ट्रक्चरल इंजिनीअरला जागेवर आणा.  आणि मातीच्या जुन्या घराच्या माडीवर, लाकडी तक्तपोशीवर ही टाकी ठेवायचा विचारही करू नये.

शिवाय जिथे स्टँडचे सहा टेकू येणार तिथली फरशी नाण्याने वाजवून बघा. भरीव ठिकाणी ठणठणीत आवाज येतो, खाली पोकळी असेल तर डबडब वाजते. व्हिट्रिफाइड टाइलखाली कोपऱ्यात मसाला नसणं नेहमीचं आहे. एका टेकूवर सरासरी सव्वाशे किलो येतात, पोकळ टाइल तिथे तडकते, आणि स्टँड त्या कोपऱ्यात दोन-तीन मिमी खचतो. एवढं खचणं टाकी पिळायला पुरेसं आहे. पोकळ वाजली तर ती टाइल बदला किंवा स्टँडखाली १८ मिमी ग्रॅनाइटची सबंध लांबीची पट्टी टाका.

काळाकातळ

@ओळंबा, यादी सुताराला दाखवली, त्याला पटली. पण संपचं काय? मधला खांब आला की समोर दोन्हीकडे १८-१८ इंचांचीच वाट राहते. ३६ इंचांचा संप जाणार कसा? मधला खांब टाकी ठेवल्यानंतर मागाहून ठोकून बसवला तर चालेल का, असं सुतार विचारतोय.

@गाळा_आणि_तुळई, खाली तुळई आहे, भिंतीच्या बरोबर खाली. आभार.

ओळंबा

मागाहून बसवलेला खांब आधी पडलेलं ओझं घेत नाही. पट्टी जेवढी झुकायची तेवढी आधीच झुकलेली असते. खांब तिथे नुसता उभा राहतो. पाचर मारून ताणला तर उलट मधे उचलतो, तेही वाईट.

संप बाजूने घाला. तुमच्याकडे डावीकडे चार फूट मोकळे आहेत, मग अडचणच नाही. आतल्या जोडखांबांच्या मधे समोर-मागे १६ इंच मोकळी वाट राहते. संप ३६ × १४ × १५ इंच करून घ्या, १२४ लिटरचा होतो. दोन्हीकडे इंचभर जागा सुटते. टाकीच्या रुंदीएवढा संप करायचा मोह होतो, पण ह्या मापाला एवढाच.

डाव्या बाजूचा प्लाय काढून टाकायचा नाही, त्यात खिडकी कापायची. १६ इंच रुंद, १८ इंच उंच, तळफळीच्या पातळीपासून वर. चारही बाजूंना पावणेचार इंच किंवा जास्त प्लाय उरतो, वर तर साडेसात इंच. ही चौकट फेविकॉल आणि दर ४ इंचांवर स्क्रू मारून पक्की केली की कलण्याला पुरेसा विरोध करते. कोपरे करवतीने टोकदार कापू नका. आधी इंचभर व्यासाचं भोक पाडून मग कापा. टोकदार कोपऱ्यातून प्लाय फाटत जातो. खिडकीवर झडप म्हणून कापलेलाच तुकडा बिजागरीवर लावता येतो.

पाठीच्या प्लायला पाइपांसाठी भोकं पाडायची असतील तर कडेपासून ४ इंच आत, आणि पाठ सबंध कापून मोकळी ठेवायची नाही. बरेच स्टँड इथेच दुबळे होतात : पाइप, वायर, हवा म्हणून पाठ उघडी ठेवली जाते, आणि डावी-उजवीकडचं डुलणं थांबवणारी ती एकच भिंत असते.

संपबद्दल आणखी एक. वीज गेली की टाकीतलं ओव्हरफ्लोच्या काठावरचं पाणी सगळं खाली येतं. चार बाय दोनच्या टाकीत एक इंच पाणी म्हणजे १८ लिटर, वर पाइपांतलं वेगळं. चालू स्थितीत संप दोन तृतीयांशच भरा. परतीच्या पाइपाचं तोंड पाण्याखाली खोल असेल तर सायफन लागून तेवढ्या खोलीपर्यंतचं सगळं पाणी उतरेल, म्हणून तोंड पाण्याच्या पातळीखाली इंचभरच. पहिल्या दिवशी मुद्दाम पंप बंद करून पाणी कुठवर चढतं त्याची खूण संपवर करा.

फणसाची_फळी

लाकडाबद्दल, कोकणातल्या हवेचा विचार करून.

साग पहिला, यात वाद नाही. पण सागाचं पोटातलं लाकूड घ्या, कडेचा पांढरट भाग नको, त्याला कीड लागते. पैसे वाचवायचे तर फणस चांगला पर्याय आहे. चांगला वाळलेला फणस टिकतो आणि रंध्याखाली छान येतो. किंजळ आणि ऐनही ओझ्याला उत्तम, मात्र ऐन जड आणि वाळताना फाटणारा, कच्चा घेतला तर स्टँड उभा केल्यावर तडे जातात. शिवण स्थिर राहते पण हलकी, ती दरवाज्याच्या चौकटीला वापरा. आंबा स्वस्तात मिळतो म्हणून घेऊ नका. सहा महिन्यांत खाली पिवळी पावडर पडायला लागते, आणि भरलेल्या टाकीखालचा खांब बदलता येत नाही.

जुन्या पाडलेल्या घरांचे सागाचे वासे मिळाले तर सोडू नका. वर्षानुवर्षं वाळलेलं लाकूड, पीळ-बाक जे व्हायचं ते होऊन गेलेलं असतं. फक्त रंधा यंत्राखाली घालण्याआधी लोहचुंबक फिरवून खिळे शोधा.

नवं लाकूड घेताना ओलावा मोजा. सुताराकडे ओलावामापक नसेल तर वखारीत विचारा. किनाऱ्यावर १२ ते १४ टक्के चालतो. १८-२० टक्क्यांचं लाकूड पावसाळ्यात जोडलं की मार्चपर्यंत आक्रसतं, सांधे उघडतात, खांबाचं डोकं आणि चौकट यांच्यात फट पडते. काम शक्यतो जानेवारी ते मे यादरम्यान करून घ्या. आणि कापलेले तुकडे ज्या हॉलमध्ये स्टँड राहणार तिथेच दोन आठवडे रिपा घालून रचून ठेवा.

कमर्शियल प्लाय नको. आयएस ७१० चा शिक्का असलेला बीडब्ल्यूपी (उकळत्या पाण्याला टिकणारा), म्हणजे मरीन प्लाय. शिक्क्यावर भागत नाही. कापलेला एक तुकडा चार-सहा तास पाण्यात उकळा. थर सुटले किंवा कड फुगली तर माल परत. ब्लॉकबोर्ड, एमडीएफ, पार्टिकल बोर्ड तर दरवाज्यालाही नको. संपच्या दमट हवेत कडा पावासारख्या फुगतात.

सागाला फेविकॉल लावताना एक गोष्ट सुतार सहसा करत नाहीत. सागात तेल असतं. रंधा मारून दोन-तीन दिवस गेले की ते वर येतं आणि गोंद धरत नाही. सांध्याचा भाग थिनरच्या फडक्याने पुसा, वाळू द्या, आणि लगेच पाण्याला टिकणारा मरीन फेविकॉल लावून शिकंजा कसा. चोवीस तास सोडू नका.

स्क्रू एसएस (स्टेनलेस स्टील) ३०४ चे. जिप्समच्या कामाचे काळे स्क्रू स्वस्त आणि टोकदार असतात म्हणून सुतार तेच वापरतात. ते ठिसूळ, सागात पिळताना डोकं तुटून हातात येतं, आणि दमट हवेत वर्षभरात गंजतात. साधं लोखंड साग-ऐनातल्या टॅनिनशी लागून लाकूड काळंही करतं. आधी भोक पाडल्याशिवाय स्क्रू नाही : ८ नंबरला ३ मिमी, १० नंबरला साडेतीन.

आता सगळ्यात महत्त्वाचं. वाळवीचं औषध. सुतार किंवा पेस्ट कंट्रोलवाला क्लोरपायरिफॉस मारायला निघेल. ते माशांना अगदी कमी प्रमाणातही जीवघेणं आहे. मारायचंच असेल तर लाकूड कापल्यावर, जोडण्याआधी, घराबाहेर. पूर्ण वाळल्यावर वरून सीलर आणि पॉलिश. टाकी चालू झाल्यावर स्टँडला फवारणी नाही म्हणजे नाही. सोसायटीची फवारणी असेल त्या दिवशी हवेचा पंप बंद करून टाकी ओल्या चादरीने झाका.

काळाकातळ

हे औषधाचं लक्षातच आलं नव्हतं. फणसाचे दोन चांगले ओंडके गावच्या घरी चिरून ठेवलेत, तीन वर्षं झाली. खांब आणि खालची चौकट त्याची, वरची चौकट सागाची, असं मिश्र केलं तर?

फणसाची_फळी

करा. वरची लांब पट्टी वाकण्याचं काम करते, तिथे साग. खांब दाबाचं काम करतात, तिथे फणस पुरून उरतो. गाठ असलेला भाग लांब पट्टीच्या खालच्या कडेला मधोमध येऊ देऊ नका, लाकूड तिथूनच फाटतं. गाठी खांबांत चालतात.

काचकागद

पॉलिश आणि पाणी यावर लिहितो, कारण स्टँड तोडतं ते वजनापेक्षा पाणीच.

पाणी कुठून शिरतं ते बघा. फरशी पुसताना खांबांच्या तळातून. फडकं किंवा जाळी ठिबकताना माथ्याच्या प्लायच्या कडेतून. संप उडवतो तिथे तळफळीतून. लाकूड आपल्या कापलेल्या तोंडातून पाणी स्ट्रॉसारखं ओढतं, बाजूने फारसं घेत नाही. म्हणून सगळी कापलेली तोंडं आणि प्लायच्या चारही कडा, आतल्या न दिसणाऱ्यासुद्धा, पातळ इपॉक्सीचे दोन हात. पहिला हात लाकूड पिऊन टाकतं, दुसरा वर राहतो. हे जोडणीआधी करावं लागतं. फक्त जिथे फेविकॉल लागणार ती जागा सोडा.

तळफळीवर दोन्ही अंगांना सनमायका. एकाच बाजूला लावला तर फळी वाटीसारखी वळते. चारही कडांना पाऊण इंच उंच पट्टी आणि आतल्या सांध्यात सिलिकॉन, म्हणजे ताटासारखा भाग तयार होतो आणि चार-पाच लिटर सांडलं तरी आतच राहतं. संप आत सरकवायच्या डाव्या बाजूची पट्टी सुटी, नंतर सिलिकॉनने बसवा.

बाकी लाकडाला पीयू किंवा मेलामाइन पॉलिश, आतून-बाहेरून तीन हात, मधे ३२० चा काचकागद. त्यानंतर दोन-तीन आठवडे थांबा. हवेचा पंप आणि संप स्टँडच्या पोटातलीच हवा पाण्यात ओढतात. पॉलिशचा वास यायचा थांबला नसेल तर तो पाण्यात जातोय. आत डोकं घालून वास घ्या, नाकाला लागला तर आणखी आठ दिवस.

पाठीला वर आणि खाली चार इंची जाळीची दोन भोकं ठेवा, नाहीतर दरवाजे बंद असताना आत सतत घाम धरतो. बिजागऱ्या एसएसच्या. दरवाजा आणि चौकट यांत दीड सूत फट, जून-जुलैत लाकूड फुगल्यावर तो अडकत नाही. विजेचा बोर्ड आत घ्यायचा असेल तर वरच्या चौकटीलगत, उजव्या भिंतीवर, प्रत्येक वायरला बोर्डाखाली झोळ देऊन, म्हणजे वायरवरून ओघळलेला थेंब झोळातून खाली पडतो, प्लगमध्ये जात नाही. त्या सर्किटला ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळली की प्रवाह तोडणारा स्विच) हवाच.

ओळंबा

शेवटचा टप्पा राहिला, माथा सपाट करणं आणि टाकी बसवणं.

चौकट जोडताना गुण्या (काटकोन तपासायचं हत्यार) लावाच, पण खरी परीक्षा कर्णांची. दोन्ही कर्ण मोजा, फरक एक सुतापेक्षा जास्त असेल तर फेविकॉल ओला असतानाच लांब कर्णावर शिकंजा कसून सरळ करा. सगळा सांगाडा उभा झाल्यावर, माथ्याचा प्लाय बसवण्याआधी, चौकटीच्या माथ्यावर कर्णांवरून दोन दोरे ताणा. मधे ते एकमेकांना नुसते टेकले पाहिजेत. मग वरचा दोरा खाली घेऊन पुन्हा बघा. एकदा फट आणि एकदा दाब असं दिसलं तर चौकटीला पीळ आहे. उंच कोपऱ्यांवर रंधा मारा. नंतर अॅल्युमिनियमची सरळ ट्यूब कडेवर फिरवून उजेड दिसतो का ते बघा. जाड कार्ड आत सरकलं तर अजून काम आहे.

माथ्याच्या प्लायवर १२ मिमी थर्माकोल, सबंध तुकडा, सांधा नको. तुमच्या टाकीला तळाची प्लॅस्टिक चौकट नाही म्हणून हे चालतं. चौकटवाल्या टाकीखाली थर्माकोल घालू नये, चौकट त्यात रुतते आणि मधला भाग तळाच्या काचेला वर दाबतो. थर्माकोल वाळूचा कण, स्क्रूचं डोकं, अर्धा-एक मिमीचा उंचवटा पोटात घेतो. पिळलेला स्टँड त्याने सरळ होत नाही.

पातळी स्टँडखाली मिळवायची, टाकी आणि स्टँडच्या मधे कधीही काही सारायचं नाही. सहा खांबांखाली कडक पीव्हीसी किंवा नायलॉनचे ४ × ४ इंची, ८-१० मिमीचे टेकू. फरशीचा उतार असेल तिथे त्याखाली पातळ एसएसचे पत्रे. लाकडी पाचर किंवा पुठ्ठा नको, ओला होऊन दबतो. पाणसळ लहान असेल तर गवंड्याची लेव्हल नळी घ्या, चार फुटांत एक मिमी फरकही कळतो.

संप आधी आत, मग टाकी वर. ९५ किलो काच उचलायला चार माणसं आणि काचेचे सक्शन कप, खाली थर्माकोल घसरू नये म्हणून त्याला दोन ठिकाणी दुहेरी टेपचा ठिपका.

पाणी एकदम भरू नका. आठ इंच भरून चारही कोपऱ्यांत पाण्याच्या कडेपासून काचेच्या वरच्या काठापर्यंत मोजा. लांबीत तीन मिमी, रुंदीत दोन मिमीपर्यंत फरक सोडून द्या. त्याहून जास्त असेल तर उपसा, टेकू नीट करा, पुन्हा भरा. बरोबर असेल तर एक रात्र तसंच. दुसऱ्या दिवशी सोळा इंच, पुन्हा माप. तिसऱ्या दिवशी पूर्ण. दगड आणि वाळू मात्र पाण्याआधी, आणि मोठे दगड वाळूवर नाही, तळाच्या काचेवर पीव्हीसी फोमचा तुकडा टाकून त्यावर. सिक्लिड वाळू उकरतात, वाळूवर टेकलेला दगड कधीतरी कलंडून काचेवर आदळतो.

काळाकातळ

सगळं लिहून सुताराला दिलं, फणसाचे ओंडके उद्या रंध्याला जातील. एक छोटा प्रश्न. पाठ आणि भिंत यांत किती अंतर ठेवू? आणि स्टँड भिंतीला स्क्रूने धरावा का?

ओळंबा

तीन इंच. ३२ मिमीचा पाइप एल्बोसकट (वळणाच्या जोडासकट) त्यात बसतो आणि हात घालून युनियन, म्हणजे पाइप सुटा करायचा जोड, फिरवता येतो. भिंतीला धरायचा असेल तर वरच्या चौकटीच्या दोन टोकांना तीन इंची लाकडी गुटका आणि त्यातून भिंतीत १० मिमी अँकर, पण पूर्ण पाणी भरून आठ दिवस झाल्यावर. आधी आवळला तर स्टँड आपल्या जागी बसताना एक कड अँकरवर लटकते. घरात लहान मुलं असतील तर हे कराच, ३० इंची स्टँडवरची टाकी बघायला मूल दरवाज्याला लोंबकळतं. दरवाज्याच्या मुठीही त्यासाठी खोबणीच्या घ्या, बाहेर आलेल्या नकोत.